उशीर त्यांचा, भुर्दंड आमचा

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार
यांस,



मोहोळसाहेब, रीतसर पाहिलं तर हे पत्र आपले वरिष्ठ मंत्री राममोहन नायडू यांच्या नावे जायला हवं. ते श्रीकाकुळमचे, आम्ही हैदराबादचे, म्हणजे एका अर्थाने शेजारीच. पण सगळा जन्म कोठीत गेला तरी माझी तेलुगू भाजी घेण्यापुरती आणि बँकेच्या काउंटरपुरती. भांडायचं म्हटलं की मला मराठीच लागते. आपण पुण्याचे महापौर होतात, त्याआधी तालमीत घाम गाळलेला आहे. चार खडे बोल ऐकून घ्यायची आपली तयारी असेल, असं धरून लिहितो.

कोठी म्हणजे हैदराबादचा जुना रेसिडेन्सीचा परिसर. ब्रिटिश रेसिडेंट कर्कपॅट्रिकची ती खांबांची कोठी आज मुलींच्या विद्यापीठात आहे. तिच्या आसपास सुलतान बाजार, इसामिया बाजार, बडी चावडी, आणि या गल्ल्यांतून चार-पाच पिढ्या मुरलेली मराठी माणसं. विवेकवर्धिनी शाळा इथली, मराठी ग्रंथसंग्रहालय इथलं, मराठी साहित्य परिषदही इथलीच. आमची सोयरीक नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगरकडची. पूर्वी सगळा प्रवास काचीगुडा स्टेशनावरून व्हायचा. ट्रंक, वळकटी, पाण्याचा फिरकीचा तांब्या, आणि गाडी उशिरा आली तर फलाटावरच पत्त्यांचा डाव. उशिराचं कुणाला फारसं वाटत नसे, कारण पुढे गाठायचं असं काही नसायचं. स्टेशनावर मामा उभा असायचा, तो दोन तास जास्त उभा राहायचा.

आता ते राहिलेलं नाही. 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेतली पहिली विमानं रवाना केली, त्यांत सिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबाद हेही होतं. मध्यंतरी ती सेवा बंद पडली, 2024 मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं बंगळूर, पुणे, फ्रँकफर्ट, डॅलस अशी पांगली आहेत. त्यांच्या आई-वडिलांना विमान ही चैन राहिलेली नाही. बाळंतपणाला जायचं, आजारपणाला जायचं, मयतीला जायचं, तर विमानच. आणि ही विमानं एकमेकांत गुंतलेली. पहिलं चुकलं की दुसरं चुकतं, दुसरं चुकलं की पुढचं सगळंच कोलमडतं.

मी हैदराबाद बँकेतून निवृत्त झालो. म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद, जी 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारचे लोक कागद घेऊन येतात. कुणाचं पेन्शनचं, कुणाचं विम्याचं, आणि हल्ली फार करून विमान कंपनीचं. "काका, जरा बघता का, यांनी असं लिहिलंय." त्यामुळे या पत्रातला राग एकट्या माझा नाही, तरी सुरुवात माझ्याच गोष्टीपासून करतो, कारण तिचे सगळे कागद माझ्याकडे आहेत.

लेकीचं पहिलं बाळंतपण जर्मनीत. दिल्ली ते फ्रँकफर्ट तिकीट जावयाने तिकडून काढलं, हैदराबाद ते दिल्ली मी इथून काढलं. दोन कंपन्या, दोन तिकिटं. दिल्लीत मध्ये सहा तासांची सवड ठेवली होती. ट्रॅव्हल एजंटही म्हणाला, भरपूर आहे. शमशाबादच्या विमानतळावर पोचलो तर फलकावर चाळीस मिनिटं उशीर. मग दीड तास. मग अडीच. हा उशीर कधीच एकदम सांगत नाहीत, हप्त्याहप्त्याने सांगतात, म्हणजे माणूस दुसरी काही सोय करायला उठतच नाही. दोन तास उलटल्यावर एक व्हेज पफ आणि टेट्रापॅकमधला ज्यूस मिळाला. बायकोच्या पिशवीत बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते, ते ती काढू देईना. विमान सुटलं ते जवळजवळ पाच तास उशिरा. दिल्लीत उतरलो टर्मिनल वनला, बॅगांचा पट्टा हलेपर्यंत अर्धा तास, तिथून बसने टर्मिनल थ्री. काउंटर बंद झालेलं. आंतरराष्ट्रीय तिकिटावर आमच्या नावापुढे 'नो शो' असा शेरा पडला, म्हणजे प्रवासी आलाच नाही. प्रवासी काचेपलीकडे घामाघूम उभा होता.

नवीन तिकिटं दुसऱ्या दिवशीची मिळाली, आधीच्या जवळपास दुप्पट दरात. पहिल्या कंपनीच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "सर, ते तिकीट आमचं नाही." चुकीचं काही बोलला नाही, नियम तसाच आहे. मी उशिराचा दाखला मागितला, त्यावर कारण लिहून मागितलं. बऱ्याच विनवण्यांनंतर छापील चिठ्ठी मिळाली. कारण : ऑपरेशनल रीझन्स. नंतर लिहिलेल्या पत्रांना उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सोबत पुढच्या प्रवासासाठी हजार रुपयांचं व्हाउचर. नात आम्ही पोचायच्या आदल्या संध्याकाळी जन्मली. त्याची भरपाई मी मागत नाही, ती कुणाच्या हातातही नाही. तिकिटाच्या फरकाची मागतो.

आता नियम बघू. आपल्या अखत्यारीतल्या डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, या विषयावरचा नियम 2010 च्या ऑगस्टपासून लागू आहे, त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. तो मी कागदावर काढून पेन्सिलने खुणा करत वाचला; बँकेची सवय. त्यात विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही तर रक्कम ठरलेली आहे. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंतच्याला 7,500, त्याहून लांबच्याला 10,000, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. पक्कं आरक्षण असून चढू दिलं नाही आणि चोवीस तासांत दुसरी सोय केली तर भाड्याच्या दुप्पट, 10,000 पर्यंत. त्याहून उशीर झाला तर चौपट, 20,000 पर्यंत. इथवर हिशेब चोख आहे.

आणि उशीर? उशिराला पैशांत काहीच नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खायला-प्यायला द्यायचं. सहा तासांच्या वर गेला की दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. चोवीस तासांच्या वर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं उड्डाण सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल. म्हणजे माझ्या वाट्याला आला तसा पाच तासांचा उशीर कंपनीला एका पफमध्ये पडतो. रद्द केलं तर दंड, लांबवत ठेवलं तर पफ. अशा वेळी व्यवस्थापकाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? कुणी जाणूनबुजून करतं असं मी म्हणत नाही. पण नियमच असा लिहिला आहे की लांबवणं स्वस्त पडावं.

हे मंत्रालयाला ठाऊक नव्हतं असंही नाही. मे 2018 मध्ये जयंत सिन्हा राज्यमंत्री असताना, म्हणजे आज आपण बसता त्याच खुर्चीवरून, प्रवासी सनदेचा मसुदा लोकांसमोर ठेवला गेला. उशिरामुळे पुढचं विमान चुकलं तर 5,000 पासून 20,000 रुपयांपर्यंत भरपाई, उशीर जितका जास्त तितकी रक्कम चढती, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. विमान कंपन्यांनी विरोध केला. आजच्या नियमात ती चढती रक्कम शोधून सापडत नाही. मसुदा आणि नियम यांच्या मधल्या वाटेत ती कुठे उतरली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आमच्याकडचा एक जुना खटला आपल्या अधिकाऱ्यांना माहीत असेल. डिसेंबर 2007 मध्ये एक हैदराबादी गृहस्थ इंडिगोच्या सकाळच्या विमानाने दिल्लीहून निघाले. धुकं होतं. पुढच्या विमानाशी हे विमान जोडलं गेलं आणि ते जवळजवळ अकरा तास विमानातच बसून राहिले. हैदराबादेतल्या स्थायी लोक अदालतीने त्यांना 10,000 रुपये भरपाई आणि 2,000 रुपये खर्च मंजूर केला. बारा हजारांसाठी प्रकरण आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै 2011 मध्ये निकाल लागला. भरपाई टिकली नाही. धुक्यामुळे झालेल्या उशिराला कंपनी जबाबदार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मला तो निकाल पटतो. धुक्यात विमान उडवा असं कुठलाही शहाणा प्रवासी म्हणणार नाही. पण त्याच निकालाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या फार कामाच्या आहेत. तिकिटावर 'दिल्लीच्या न्यायालयातच दाद मागा' असं छापलं म्हणून हैदराबादच्या लोक अदालतीचं दार बंद होत नाही. आणि स्वस्तातली विमानसेवा म्हणून लांबलेल्या उशिरात किमान अन्नपाण्याची सोय टाळता येणार नाही.

माझं भांडण धुक्याशी नाही. माझं भांडण त्या 'ऑपरेशनल रीझन्स'शी आहे. नियमात अपवाद दिले आहेत : हवामान, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रण. ठीक आहे. पण वैमानिक वेळेवर न मिळणं, आधीच्या फेरीतून विमान उशिरा येणं, यंत्रातला नेहमीचा बिघाड, हे सगळं त्या दोन शब्दांत झाकलं जातं. प्रवाशाने ते उकलायचं कसं? त्याच्याकडे ना विमानाची नोंदवही, ना कर्मचाऱ्यांची हजेरी. ज्याच्याकडे कागद आहेत त्यानेच कारण सिद्ध करायचं, हा तर साधा व्यवहार झाला. आणि कायदाही तेच म्हणतो. 1972 च्या हवाई वहनाच्या कायद्यात माँट्रिऑल कराराची कलमं आहेत. भारत त्या करारात 2009 मध्ये सामील झाला. त्यातलं एकोणिसावं कलम सांगतं की उशिरामुळे झालेल्या नुकसानीला वाहक जबाबदार. सुटका हवी असेल तर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं, हे वाहकाने दाखवायचं. कायद्यात एवढं आहे, पण ते पुरावे मांडून भांडणाऱ्यासाठी. शमशाबादच्या काउंटरवर रात्री उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

पुढची अडचण माझ्या प्रकरणातली, ती म्हणजे दोन वेगळ्या तिकिटांची. पहिलं विमान रद्द झाल्याने चुकलेल्या जोडविमानाची भरपाई नियमात आहे, पण पुढचं विमान त्याच तिकीट क्रमांकावर असेल तरच. कागदावर हे बरोबर दिसतं. प्रत्यक्षात कोठीतला, नांदेडचा, कोल्हापूरचा माणूस एका तिकिटावर कुठे जातो? छोट्या विमानतळावरून एक कंपनी दिवसाला एखादं विमान चालवते, काही मार्गांवर तर रोजही नाही. पुढची कंपनी दुसरीच. उडानची विमानं मोठ्या शहराशी जोडण्यासाठी आहेत, असं मंत्रालयच सांगतं. ती जोडणी मात्र प्रवाशाने स्वतःच्या जोखमीवर करायची. मोठ्या शहरातल्या माणसाचं विमान चुकलं तर त्याला संध्याकाळचं मिळतं. छोट्या गावी जाणाऱ्याला दुसऱ्या दिवसाचं, कधी परवाचं.

आणि वेगळी तिकिटं म्हणजे जबाबदारी संपली, हे आपल्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य नाही. जून 2016 मध्ये एक कुटुंब अजमेर-जम्मू एक्सप्रेसने निघालं. जम्मूहून श्रीनगरचं विमान दुपारी बाराचं होतं. सकाळी आठच्या सुमारास पोचणारी गाडी दुपारी बाराला पोचली. विमान गेलं. टॅक्सीने श्रीनगर गाठायला 15,000 रुपये लागले, दल सरोवरातलं शिकाऱ्याचं आरक्षण वाया गेलं. रेल्वेने उशिराला आमची जबाबदारी नाही म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. 6 सप्टेंबर 2021 रोजी न्यायमूर्ती एम. आर. शाह आणि अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने रेल्वेचं अपील फेटाळलं. उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे रेल्वेने दाखवलं नाही, म्हणून टॅक्सीचे 15,000, आरक्षणाचे 10,000 आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चाचे प्रत्येकी 5,000 रुपये द्यायचे. एक तिकीट रेल्वेचं, दुसरं विमानाचं. त्याहून वेगळी तिकिटं कुठली असणार? रेल्वेला हा न्याय लागू, तर विमान कंपनीला का नाही? की अजमेरच्या गाडीवर विमान कंपनीपेक्षा जास्त भरवसा ठेवायचा?

डिसेंबर 2025 आपल्या चांगलाच लक्षात असणार. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाले होते : आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. हे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. तरी देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची तयारी अपुरी पडली. 5 डिसेंबरला एका दिवसात इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. शमशाबादला बॅगांचे ढीग आणि जमिनीवर झोपलेली माणसं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकाला झोप मिळावी, या बाजूने मी आहे. दमलेल्या माणसाने माझं विमान चालवू नये. पण कर्मचारी कमी पडणं हा पूर किंवा भूकंप नव्हे. त्या वेळी 6 डिसेंबरला मंत्रालयाने भाड्यांना कमाल मर्यादा घातली : 500 किलोमीटरपर्यंत 7,500, पुढे टप्प्याटप्प्याने 18,000 पर्यंत. एका दिवसात. तेव्हा माझी खात्री पटली की मनात आणलं तर आपलं मंत्रालय रक्कम ठरवू शकतं, समिती न नेमता.

त्यानंतर कंपनीने जास्त त्रास झालेल्यांना 10,000 रुपयांची व्हाउचरं जाहीर केली, नियमाप्रमाणे द्यायच्या भरपाईवर अधिक. जानेवारीत डीजीसीएने कंपनीला 22 कोटी 20 लाखांचा दंड केला. दंड योग्यच. पण तो सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचा मुलगा परीक्षेला पोचला नाही, जिच्या वडिलांचे अंत्यसंस्कार आटोपून गेले, त्यांच्या खात्यात त्यातला एक रुपया येत नाही. आणि व्हाउचर ही काय चीज आहे? ज्याने त्रास दिला त्याच्याच विमानात वर्षभरात परत बसा, तर पैसे मिळतील. आपल्याच नियमानुसार भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची असते. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची लेखी संमती लागते. माझ्या हजार रुपयांच्या व्हाउचरला माझी संमती कुणीही विचारली नव्हती.

परदेशाचं उदाहरण द्यायचं माझ्या जिवावर येतं, कारण लगेच कुणीतरी म्हणतं, मग तिकडेच जा. तरी दोन ओळी लिहितोच, कारण लेकीकडे राहिलो तेव्हा जावयाने दाखवलं. युरोपात 2004 चा नियम आहे : 250, 400, 600 युरो, अंतराप्रमाणे. सुरुवातीला ती भरपाईही रद्द उड्डाणांपुरती आणि चढू न दिलेल्या प्रवाशांपुरतीच होती. 2009 मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की तीन तास किंवा त्याहून जास्त उशिराचा त्रास रद्द होण्याइतकाच, म्हणून तीच भरपाई. 2013 मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की एकाच बुकिंगमधलं जोडविमान चुकलं तर उशीर अंतिम मुक्कामावर मोजायचा. म्हणजे फ्रँकफर्टहून निघालेल्याला जे हक्काने मिळतं, ते हैदराबादहून निघालेल्याला भांडूनही मिळत नाही. अमेरिकेत उशिराला अशी भरपाई नाही, हेही इथे सांगून ठेवतो, नाहीतर कंपन्यांचे वकील सांगतीलच.

पण मला युरोपपेक्षा रिझर्व्ह बँकेचं उदाहरण जास्त पटतं, आणि पत्राचा खरा मुद्दा हाच आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, हा अनुभव सगळ्यांना आहे. पूर्वी लोक शाखेत यायचे, अर्ज करायचे, आम्ही तो मुख्यालयात पाठवायचो, महिनेच्या महिने. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने सांगितलं : व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे परत करा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये ग्राहकाच्या खात्यात जमा करा. आणि महत्त्वाचं वाक्य पुढे होतं. ग्राहकाने तक्रार केली असो वा नसो, आपणहून जमा करा. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले, काय आफत आली म्हणून. आफत टळली नाही, पण लवकर सुधारणा झाली, कारण चूक महाग पडायला लागली. बँकेला जे जमलं ते विमान कंपनीला का जमू नये? कंपनीकडे माझं नाव आहे, मोबाइल आहे, तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून गेले ते खातंही आहे. विमान किती वाजता सुटलं, किती वाजता उतरलं, ही नोंद मिनिटाची आहे. मग भरपाईसाठी मी अर्ज का करायचा?

म्हणून मागणी एवढीच की उशिरासाठी ठरलेली रक्कम नियमात यावी, आणि ती प्रवाशाने न मागता, ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्यात यावी. अपवाद कंपनीला हवा असेल तर कंपनीने नेमकं कारण त्याच दिवशी लेखी कळवावं : धुकं असेल तर धुकं, वैमानिक नसेल तर वैमानिक नाही. 'ऑपरेशनल' हा शब्द त्या चिठ्ठीवर चालणार नाही, असं नियमात एका ओळीत लिहिता येईल. आणि जोडविमानाच्या बाबतीत निदान उडानच्या मार्गांवर तरी वेगळं तिकीट आहे म्हणून हात झटकता येऊ नयेत. प्रवाशाने पुढचं तिकीट बुकिंगच्या वेळी कळवलं असेल आणि मध्ये वाजवी वेळ ठेवला असेल, तर जबाबदारी कंपनीची. वाजवी म्हणजे किती तास, ते डीजीसीएने ठरवावं. आम्ही मान्य करू.

ग्राहक आयोग आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. 2019 च्या कायद्याने आपल्या राहत्या गावी तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. 1915 हा मदतीचा क्रमांकही आहे. आमच्यासाठी नामपल्लीचा आयोग काही लांब नाही. पण पंधरा-वीस हजारांसाठी तारखा, प्रतिज्ञापत्रं, कंपनीच्या वकिलाचं लेखी म्हणणं. सत्तरीचा माणूस ते कुठवर करणार? शंभरातले बहुतेक व्हाउचर घेऊन गप्प बसतात. कंपनीच्या हिशेबात ही गप्प बसणारी माणसंच फायद्याची.

एक बारीकशी गोष्ट राहिली. ती आपल्या अधिकाऱ्यांना बारीक वाटेल, पण आमच्या भागातल्या कितीतरी लोकांना तीच आडवी येते. नियमात लिहिलं आहे की बुकिंग करताना संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई नाही. आता कोठीत, सुलतान बाजारात, अनेक वयस्कर माणसं एजंटाकडून तिकीट काढतात. एजंट फॉर्मवर स्वतःचाच मोबाइल टाकतो. काही चांगल्या हेतूने, म्हणजे बदल झाला तर तो फोन करून सांगेल म्हणून, काही आपलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून. विमान रद्द झाल्याचा मेसेज एजंटाला जातो, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो. आजोबा विमानतळावर पोचतात तेव्हा कंपनी म्हणते, आम्ही तर कळवलं होतं. मार्च 2025 पासून प्रवाशांच्या हक्कांची लिंक एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर पाठवण्याच्या सूचना आपण कंपन्यांना दिल्या, ते चांगलं केलं. पण तीही त्याच एजंटाच्या मोबाइलवर जाते. प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक घेतल्याशिवाय एजंटाला तिकीट काढता येऊ नये, आणि ती लिंक उघडली की मराठी, तेलुगू, उर्दू यांतलं हवं ते निवडता यावं. नांदेडच्या विमानतळावर हाच मजकूर भिंतीवर मोठ्या अक्षरात मराठीत लावायला किती खर्च येईल, ते आपण मला सांगा. कोठीत वर्गणी काढून आम्ही देऊ.

या पत्राला 'दखल घेतली आहे' अशी पोच नको, तशा पोचा माझ्याकडे विमान कंपनीच्या भरपूर आहेत. 2018 च्या मसुद्यातलं ते पान मंत्रालयात कुणी परत उघडलं की नाही, आणि उघडलं नसेल तर का, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कोठी, हैदराबाद